थोरले भाऊजी आणि हाडाची काच

आमच्या थोरल्या भाऊजींइतकी उष्णतेची पारख असलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. माझ्या यजमानांचे हे मोठे भाऊ वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात भट्टी सांभाळत. तिथे प्रयोगशाळांसाठी काचसामान बनायचं. डोंबिवलीच्या एकत्र घरी आले की आमचा स्टोव्हही त्यांच्याच ताब्यात. घरात थर्मामीटर त्यांनी कधी येऊ दिला नाही. तापलेल्या कपाळावर तळहात ठेवून म्हणायचे, "एकशे एक, किंचित वर." डॉक्टरांकडेही ताप नेमका तेवढाच निघायचा. सख्ख्या भाचीच्या लग्नात ते आचाऱ्याशेजारी बसून जिलबीच्या कढईखालची लाकडं मागेपुढे करत राहिले, आणि इकडे मुहूर्ताला मामा सापडेना.

मी बी.एस्सी. झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी, म्हणून कारखान्यातलं सगळं मला सांगायचे. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला एक प्राध्यापक त्यांच्याकडे नवीच काच घेऊन आले. शरीरात ठेवली की ती हळूहळू विरघळते, तिच्यावर हाडासारखा थर धरतो आणि हाड तिला चिकटतं. अडचण एवढीच, की तिच्या भुकटीची चकती दाबून केली तर हातात चुरा व्हायची. ती तापवून पक्की करायची होती.

भाऊजींनी ती अशी तापवली, की चकती दुधासारखी पांढरी झाली आणि फरशीवर आपटली तरी टवका उडेना. मग ती खारट द्रावणाच्या बाटलीत घालून अंगाइतक्या उष्णतेवर ठेवायची, म्हणजे थर दिसायला हवा. आठवडे गेले, थर काही धरेना. प्राध्यापक म्हणाले, "उष्णता जास्त झाली. आत स्फटिक झाले. आता ही मजबूत आहे, पण हाडाशी जुळायला फार वेळ लावेल."

त्या संध्याकाळी भाऊजी जेवले नाहीत. "तीस वर्षं पक्कं करायला शिकलो," मला म्हणाले, "आता म्हणतात, थोडं कच्चं राहू द्या."

पण सोडलं नाही. कधी उष्णता थोडी कमी, कधी वेळ थोडा कमी. शुक्रवारी इस्टेटीत वीज नसायची, द्रावण गार व्हायचं. मग गुरुवारी ते बाटली घरी आणू लागले आणि जाऊबाईंनी शिवलेल्या फडक्याच्या पिशवीत घालून पोटाशी बांधू लागले. कुशीवर वळायचे नाहीत, बादली उचलायचे नाहीत.

"माझ्या बाळंतपणात एवढं जपलं असतंत तर," जाऊबाई म्हणायच्या.

मी हसायचे, पण हे कशासाठी ते मला ठाऊक होतं. जाऊबाईंची उजवीकडची एक दाढ काढताना जबड्याचं सडलेलं हाड खरवडावं लागलं होतं. तिथे खळगा राहिला, शेजारचे दात हलू लागले. त्या डाव्या बाजूने चावायच्या, नाहीतर भात कालवून गिळायच्या. भाऊजी आपलं पान वाढलं की भाकरीचे पापुद्रे काढून मऊ भाग जाऊबाईंच्या ताटात सरकवत.

वर्षभराने जमलं. काचेचे कण एकमेकांना धरून राहतील, पण दूध होणार नाही, एवढीच उष्णता. दहा दिवसांत चकतीवर पांढुरका थर आला. बाटली उजेडात धरून भाऊजी जाऊबाईंना म्हणाले, "बघ. हे तुझ्या जबड्यात..." जाऊबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

मी प्राध्यापकांना विचारलं. माणसांवर वापरायला अजून बरीच वर्षं लागतील, म्हणाले. तेवढ्यात कारखानाच गुजरातला गेला. भट्टीच्या विटा निघताना भाऊजी दिवसभर फाटकाशी उभे होते.

नव्वदीच्या दशकात, भाऊजी निवृत्त झाल्यावर, डोंबिवलीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी जाऊबाईंना सांगितलं, "खळगा भरता येईल. परदेशातून काचेचे कण येतात." आम्ही तिघं गेलो होतो. भाऊजींनी विचारलं, "आधी पाहू का जरा?" डॉक्टरांनी काचपट्टीवर चार कण ठेवून भिंग दिलं. भाऊजी इतका वेळ वाकून राहिले, की डॉक्टर माझ्याकडे बघू लागले.

कण भरले गेले. काही महिन्यांनी एक्स-रेमध्ये खळगा भरत आलेला दिसला, दात स्थिरावले. त्या दिवशी घरी येऊन जाऊबाईंनी उजव्या बाजूने चणे खाल्ले. भाऊजी समोर बसून ऐकत होते. मग आत, ओट्याशी, माझ्याजवळ आले.

"स्वच्छ होते कण, कुठे दूध नव्हतं झालेलं," हळूच म्हणाले. "आपलंही असंच आलं होतं, नाही गं?"

"हो भाऊजी," मी म्हटलं. "अगदी असंच."