दस्त वाचून दाखवणारा

पालघरच्या नोंदणी कचेरीबाहेर एक दस्तलेखक बसायचा. सरावली गावातल्या माझ्या घराच्या कागदांसाठी मी त्याच्याकडे जायचो. परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागे, म्हणून तो शिपायालाही 'साहेब' म्हणे. मात्र अंगठा घेण्याआधी दस्त मोठ्याने वाचायचाच.

एकदा एका कारखानदाराने पाम गावच्या एका म्हातारीला जमिनीच्या दस्तासाठी आणलं. वाचून झाल्यावर दस्तलेखकाने विचारलं, "आजी, जमीन कायमची जाणार हाय. कळलं ना?"

"नाय बाबा, मी भाड्यानं देतेय."

त्याने दस्त टराटरा फाडला.

"तुझा परवाना घालवतो!" कारखानदार गरजला.

"घालवा. तक्रार लिहायला कोणी नसेल, तर मीच लिहून देतो, साहेब."

परवाना खरंच अडकला. मी त्याच्या घरी गेलो, तर तो भाजी निवडत होता.

"म्हातारीनं भात पेरलंय म्हणे," तो हसून म्हणाला.