एरियल काढल्यावरही

युद्ध सुरू झालं आणि बिनतारी संदेश पाठवण्याचा माझा परवाना रद्द झाला. ट्रान्समीटर मी कुंभकोणच्या पोलीस ठाण्यात जमा केला. घरी ऐकण्याचा रेडिओ तेवढा राहिला.

एका संध्याकाळी बातम्यांवर मोर्स चढला. कट्ट, कड, कट्ट. आवाजाचा जोर कानाने ठरवून त्याला एक ते नऊमधला आकडा द्यायचा, ही आम्हा हौशी लोकांची रीत. हा नऊ होता. मी एरियलची तार सोडवली. पाठवणारा लांब असता तर आकडा तीन-चारवर आला असता, आठ राहिला. म्हणजे तो शेजारच्या दारासुरम्‌ला नाही, तिरुभुवनम्‌लाही नाही. आमच्याच गल्लीत होता.

चोरून संदेश पाठवणाऱ्याला तेव्हा तुरुंग होता, आणि गल्लीत हे तंत्र जाणणारा म्हणून सगळ्यांना माहीत असलेला माणूस मीच.

परसात गेलो तर कोठीतूनच गुणगुण येत होती. आत माझा मेहुणा, पुढ्यात बॅटरी, बझर आणि तारेची कळ.

"भावोजी, सैन्याच्या तारखात्यात भरती निघालीय. सोमवारपासून सराव करतोय. याला कुठे एरियल आहे?"

"बझरच्या ठिणगीला एरियल लागत नाही, शहाण्या!"

"अहो, हळू," बायको म्हणाली. "मागे पोलीस इन्स्पेक्टर राहतात."

त्यांच्या गच्चीवर उंच एरियल होती. अंतर आणि मधल्या भिंती धरून मी हिशेब केला: त्यांच्याकडे तीन. लक्ष देणाऱ्याला तीन पुरतो. त्यांनी ऐकलंय का, ते बघायला निघालो.

"आमच्या रेडिओची बॅटरी उतरलीय, बातम्या ऐकायला आलो म्हणा," बायकोने दारात सांगितलं.

मी तोंड उघडण्याआधीच इन्स्पेक्टर तमिळीत म्हणाले, "या सार. सोमवारपासून आमचा रेडिओ किरकिरतोय. काय असेल?"

जे होतं ते सांगितलं. त्यांनी टोपी घातली आणि आमच्या कोठीत आले.

"हे कुठवर जातं?"

"तुमच्या घरी तीन. मोठ्या रस्त्यावर काही नाही."

"मी कळ दाबतो. तुम्ही आमच्याकडे जाऊन ऐका."

त्यांच्या रेडिओला कान लावला. तीन नव्हता. पाच होता. परत आलो.

"पाच. माझा अंदाज चुकला."

"मग मोठ्या रस्त्याचाही चुकला असेल, सार." त्यांनी बझर खिशात टाकला. "याला उद्याच भरतीला पाठवा. सकाळच्या गाडीनंतर हा इथे दिसला, तर मला वर लिहावं लागेल."

मेहुणा आनंदाने कपडे बांधायला धावला. त्याच्या कपड्यांच्या घड्या घालताना बायको एवढंच म्हणाली, "बॅटरी म्हटलं असतंत तर?"

सकाळी त्याला गाडीत बसवून आलो. रेडिओ बरेच दिवस लावला नाही. बातम्या युद्धाच्याच असत.