नुसतं बघून पास

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. आज सकाळी एका आठ वर्षांच्या मुलीचे वडील बॅग भरून उभे होते. तिच्या वाहत्या कानातलं इन्फेक्शन मेंदूत गेलं आणि तिथे पू झाला. ऑपरेशन करून तो काढला. आता शिरेतून अँटिबायोटिक सुरू आहे. कोर्स सहा आठवड्यांचा, झालेत दोन.

"सिस्टर, पोरगी ठणठणीत हाय. घरी नेतो."

ते चाकणला कंपनीत पार्ट तपासतात. मी विचारलं, "दादा, पार्ट नुसता बघून पास करता का?"

"न्हाई, गेज लावून माप घेतो."

"मग हिचाही कोर्स होऊ द्या, स्कॅन होऊ द्या."

त्यांनी बॅग कॉटखाली सरकवली.

घरी येऊन फ्रिज उघडला. माझ्याच मुलाची अँटिबायोटिकची बाटली, गेल्या महिन्यातली, अर्धी भरलेली. ताप उतरला म्हणून मीच बंद केली होती.

तुमच्या फ्रिजमध्ये आहे का अशी एखादी?