नेहानं पाहिलेली परागनलिका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. स्टाफरूममध्ये नाही, बहिणीला नाही, ह्यांना तर नाहीच. ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "एवढंच ना?" — आणि तेच मला ऐकायचं नव्हतं. कारण ते एवढंच नाही.

मी ग्वाल्हेरला, थाटीपुरातल्या एका शाळेत बारावीला बायलॉजी शिकवते. सव्वीस वर्षं झाली. घरी आम्ही मराठी बोलतो — म्हणजे मी बोलते. मुलगी वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. शाळेत सगळं हिंदीच. पण एक धडा असा आहे की तो शिकवताना आपण कुठल्या भाषेत बोलतोय हेही मी विसरते. फुलातला पराग.

तुम्हीही शिकला असाल, विसरला असाल. परागकण म्हणजे फुलाला हात लावला की बोटाला लागते ती पिवळी धूळ. त्यातला एक कण दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर, त्या चिकट टोकावर, जाऊन पडतो. आणि तिथं तो रुजतो. त्याच्यातून एक नळी निघते, केसाहूनही कितीतरी बारीक, आणि ती फुलाच्या आतून खाली खाली वाढत जाते, थेट बीजांडापर्यंत. तिला डोळे नाहीत. मग वाट कोण दाखवतं? त्या नळीतून दोन नरपेशी खाली उतरतात. एकीमुळे गर्भ तयार होतो, दुसरीमुळे त्या गर्भाची शिदोरी. आपण गव्हाची पोळी खातो ना — ते पीठ म्हणजे बहुतेक ती शिदोरीच. आपण सगळे त्या नळीच्या जिवावर जेवतो.

हे सांगताना माझा आवाज बदलतो म्हणतात. मी फळ्यावर खडू टेकवते आणि ती नळी एका रेषेत खाली उतरवते. वर्ग शांत होतो. जुन्या विद्यार्थिनी भेटल्या की याच धड्याची आठवण काढतात.

आणि मी ती नळी कधी पाहिलीच नव्हती.

कॉलेजात आम्ही चाळीस जणी होतो आणि धड चालणारा मायक्रोस्कोप एक. माझी पाळी यायच्या आधी तास संपायचा. मग वरच्या वर्गातल्या मुलीची फाइल आणायची आणि आकृती उतरवून काढायची. निरीक्षण — अर्ध्या तासात बहुतेक परागकण रुजले. पुढे मी शिकवायला लागले आणि तेच वाक्य माझ्या मुलींच्या फायलींत लिहून घेऊ लागले. दरवर्षी. साखरेचं पाणी करायचं, काचपट्टीवर पराग टाकायचा, भिंगातून काहीतरी गोल गोल दिसायचं, घंटा व्हायची. यात फार मोठं पाप आहे का? असं किती ठिकाणी चालतं. इथवर असतं तर मी आज लिहायला बसले नसते.

मग नेहा आली. दहा वर्षं होत आली. किला गेटजवळ राहायची, वडील टेम्पो चालवायचे. अबोल मुलगी, चौथ्या बाकावर बसणारी. पहिल्या पाच-सहांत कधी नव्हती.

फायली तपासताना तिची फाइल उघडली आणि माझा हात थांबला. तिनं सगळ्यांचं ते वाक्य लिहिलंच नव्हतं. तिनं लिहिलं होतं — दुपारी खुडलेल्या सदाफुलीचे परागकण जवळजवळ सगळे तसेच राहिले; सकाळी उमललेल्या फुलांचे रुजले. साखर कमी असलेल्या पाण्यात एक नळी थोडी वाढली आणि टोकाशी फुटली, आतलं सगळं बाहेर सांडलं. खाली तिनं कंसात लिहिलं होतं, बहुतेक बाहेरचं पाणी आत शिरलं असावं. आणि आकृती. माझ्या फळ्यावरची सरळ रेष नव्हे. वाकडी, मध्येच जरा फुगलेली, आतून कणाकणांनी भरलेली, आणि टोकाशी ढगासारखा पसरलेला तो सांडलेला ऐवज.

कसं सांगू? ती आकृती जिवंत होती. मी ती किती वेळ बघत बसले, ते मलाच ठाऊक आहे. ही एवढीशी पोरगी — हिनं पाहिलं?

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिला उभं केलं. म्हटलं, पुस्तकात असं कुठं आहे? मनानं चित्रं काढायची तर ड्रॉइंगच्या वर्गात जा. मुली हसल्या. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं. उद्धटपणे नाही — मला तो स्वर अजून ऐकू येतो, त्यात खरंच जाणून घ्यायचं होतं —

"मॅम, आपने देखा है? आपको कैसी दिखी थी?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"पच्चीसों बार देखा है," मी म्हटलं. "वो फटती नहीं है. तुझे जो दिखा वो था ही नहीं."

तिच्या फाइलमधलं ते पान मी तिच्याकडूनच फाडून घेतलं. पुस्तकातली आकृती काढून आणायला लावली. तिनं आणली, अगदी नीटनेटकी. मी सही केली.

त्याच दिवशी दुपारी लॅबमधले रामसिंह काका काचपट्ट्या धूत होते. ते सहज म्हणाले, "मॅडम, ती किला गेटवाली मुलगी फार मेहनती हो. चार दिवस प्रार्थनेच्या आधी येऊन मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायची. एकदा मलाही बोलावून दाखवलं. काही फुटलं म्हणे."

म्हणजे मला कळलं. तेव्हाच, त्याच दिवशी कळलं. पुढच्या तासाला जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी नाही बोलले. उद्या बोलू म्हटलं, आणि उद्या आला तेव्हा तिच्याकडे न बघता शिकवलं. मग ते सोपं होत गेलं.

पुढे भोपाळच्या एका विज्ञान शिबिरासाठी शाळेकडून एक नाव मागवलं होतं — स्वतः प्रयोग करण्याची आवड असलेली विद्यार्थिनी. मुख्याध्यापकांनी मला विचारलं. माझ्या डोक्यात एकच नाव आलं आणि मी दुसरं दिलं. का? ती तिथं जाऊन ती आकृती कुणाला दाखवील आणि कुणीतरी म्हणेल, बरोबर आहे, असंच होतं — याची मला भीती वाटली. इतकी साधी भीती.

गेल्या वर्षी शाळेला नवा मायक्रोस्कोप मिळाला, कॅमेरा लावलेला. दिसेल ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या वर्गाला दिसणार. प्रिन्सिपल म्हणाल्या, मॅडम, तुमचा तो प्रसिद्ध धडा यावरच घ्या. मुलींसमोर फजिती नको म्हणून — दुसऱ्या कुठल्याही चांगल्या कारणानं नाही — मी ऑक्टोबरातल्या एका सुट्टीच्या सकाळी एकटीच लॅबमध्ये गेले. आवारातली सदाफुली खुडली. सुईनं तिच्या पाकळ्यांखालचा देठासारखा पोकळ भाग उभा चिरला, आतला पराग साखरेच्या थेंबात झटकला. वर काच ठेवली. डोळा लावला.

आधी काहीच नाही. गोल, स्तब्ध कण. मी घड्याळ बघितलं, परत वाकले. मग एका कणाच्या कडेला फुगवटा दिसला. वाटलं, हवेचा बुडबुडा असेल. पण तो पुढे सरकला. काचेसारखं पारदर्शक बोट बाहेर यावं तसा. आणि त्याच्या आत — हे कुठल्याही आकृतीत नसतं — त्याच्या आत सगळं वाहत होतं. बारीक बारीक कण एका कडेनं टोकाकडे जात होते, दुसऱ्या कडेनं परत येत होते, भरल्या रस्त्यावरची माणसं जावीत-यावीत तसे. माझा श्वास भिंगावर येत होता, म्हणून मी तोंडावर पदर धरला. धुळीचा एक कण, आणि तो निघाला होता. त्याला फूल मिळणार नव्हतं, बीजांड मिळणार नव्हतं, पुढे फक्त काच होती — तरी तो निघाला होता. मी बावन्न वर्षांची बाई, स्टुलावर बसून हुंदके देत होते आणि डोळा काढवत नव्हता.

मग मी दुसरा थेंब केला. पातळ, साखर अगदी थोडी. नळी निघाली, जरा वाढली, टोकाशी थरथरली आणि फुटली. आतलं सगळं ढगासारखं पसरलं. अगदी तिनं काढलं होतं तसं.

पडद्यावरचा तो धडा फार छान झाला. एका मुलीनं विचारलं, मॅम, तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलं? मी म्हटलं, कॉलेजात.

या वैशाखात भाचीच्या लग्नासाठी साडी घ्यायला नया बाज़ारात गेले, तर काउंटरपलीकडे नेहा. तिनं लगेच ओळखलं, वाकून नमस्कार केला, गल्ल्यावरच्या शेठजींना सांगितलं, ह्या माझ्या मॅम. एकेक साडी उलगडून दाखवत होती. मी विचारलं, बीएससी नाही केलंस? ती हसली.

"नहीं मॅम, बीए किया. साइंस में तो आँख चाहिए ना. मेरी तो आदत है, जो नहीं होता वो भी दिख जाता है." मग साडीची घडी घालता घालता म्हणाली, "अब भी कुछ अलग-सा दिखे तो पहले बगलवाले से पूछ लेती हूँ, तुझे भी दिख रहा है?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास होता.

दुकानात गिऱ्हाईक फारसं नव्हतं. वेळ होता. मी मोरपंखी साडी पसंत केली, ती घडी घालून पिशवीत ठेवेपर्यंत थांबले, खूश रहा म्हटलं आणि बाहेर पडले.

तिनं पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं. तिच्याकडून ते पान फाडून घेतलं त्याच दुपारी मला हे कळलं होतं, आणि साडी घेतानाही ठाऊक होतं.