पात्याचे पाच थर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गडचांदूरला आमचं फायबरचं शेड होतं. त्याआधी अब्बा मेटॅडोरच्या लाकडी बॉड्या बांधत. लोखंडी बॉड्या तयार येऊ लागल्या आणि ते काम संपलं. सिमेंट कारखान्यात पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांवर मोठे पंखे असतात. त्यांची पाती काचेच्या तंतूंची, रेझिन पाजून घट्ट केलेली. हलकी आणि बळकट. गावातल्या कारखान्याच्या फोरमनने एक जुनं पातं साचा काढायला दिलं आणि नमुना मागितला. तो पास झाला तर सगळ्या पंख्यांचं काम आमचं, नाही तर शेड सोडायचं, हे ठरलेलं होतं. मी कोरपन्याहून वर्तमानपत्राला बातम्या पाठवत असे आणि उरलेल्या वेळी शेडमध्ये असे.

मोहरमचा ताजिया आमच्या घरी बने. बांबूच्या कामट्यांवर कागदाचे थर. एक थर खडखडीत वाळून बाटलीने घोटल्याशिवाय अब्बा दुसरा लावू देत नसत. ओल्यावर ओला कागद चढवला की तो फुगतो, सांगाडा झुकतो. पात्यालाही त्यांनी तीच शिस्त लावली. साच्यात तंतूंची चटई अंथरायची, ब्रशने रेझिन पाजायचं आणि साचा उन्हात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी बोटाने वाजवून बघायचं, घोटायचं, पुसायचं, मग पुढचा थर. एका दिवसाचं काम आठवडाभर चाललं. पातं साच्यातून निघालं तेव्हा शेजारचा वेल्डर म्हणाला, याच्यात पाहून दाढी करता येते. अब्बांनी त्याला हात लावू दिला नाही.

कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फोरमनने पातं दोन ठोकळ्यांवर आडवं ठेवलं आणि मधोमध वजन चढवायला सुरुवात केली. अर्ध्यावरच आतून कटकट आवाज आला. त्याने वजन उतरवलं, कडेला पटाशीचं टोक लावलं. वरचा थर सालीसारखा सुटून आला. खालचाही.

"चाचा, हे एक पातं नाई. हे पाच पाती हायेत, एकावर एक ठेवलेले."

"मी तं हर थर चांगला वाळू देल्ला, भाऊ."

"तेच चुकलं. खालचा थर चिकट असतानाच वरचा पडाले पायजे. वाळल्यावर तो कोनालेच धरत नाई."

अब्बांनी दुसरं पातं करून देण्याची परवानगी मागितली. फोरमनने नागपूरच्या पार्टीला होकार कळवल्याचं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. चहा पाजून त्याने आम्हाला फाटकापर्यंत सोडलं.

पावसाळ्याआधी शेड रिकामं केलं. साचा भंगारवाल्याने घेतला नाही.

पुढच्या मोहरमला अब्बा ताजियासमोर बसले होते. कागदाचा पहिला थर सकाळीच लावून झाला होता, ऊन कडक होतं. त्यांनी थरावर बोट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. या कामात त्यांनी कधी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"सूख गया क्या रे?" ते मला म्हणाले. "तू देख."