न्हाणीतली हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला तर नाहीच. खरं म्हणजे तिलाच सांगायला हवं होतं. पण आधी पाण्याचं सांगतो. ते सांगायला सोपं आहे.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. दवाखान्यातल्या सिस्टरनी नीट समजावलं होतं. उकळलेलं पाणी कोमट होऊ द्यायचं, कोपर बुडवून बघायचं, लाल औषधाचे दोन खडे टाकून फिकट गुलाबी करायचं. रुंद घंगाळात दहा-पंधरा मिनिटं बसवायचं. आणि उठताना हात द्यायचा, चक्कर येते — हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आई नव्हती. थोरली बहीण, अक्का, स्वयंपाकाचं बघायची, न्हाणीतलं माझ्याकडं. आबांचा आवाज एरवी गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. घंगाळात बसले की मात्र हळू म्हणायचे, "हात दे रं." लाज त्यांनाही होती. मला जास्त होती.

एका सकाळी अक्का भाजीला गेली होती, आबा पाण्यात. आणि दारात पावणे — कुरुंदवाडचे, मी पाहून आलेल्या मुलीचे वडील आणि मामा, न कळवता आलेले. वडील कुठं आहेत, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बिद्रीला गेलेत.

का म्हणालो? आंघोळीला बसलेत म्हणालो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? पण मग आबा पाय फाकवत बाहेर आले असते. घराण्यात दुखणं आहे म्हणून पावणे उठून गेले असते, असं मला वाटलं. खरंच गेले असते का — मला माहीत नाही. मुलगी मला फार आवडली होती.

चहा झाला. मग आतून आवाज आला, "हात दे रं."

मामांनी कान टवकारले. "आत कोन हाय?"

"शेजारचं म्हातारं हाय," मी म्हणालो. "भिंत पातळ हाय की." वर हसलोसुद्धा. आणि कुरुंदवाडच्या पुराचं काढून मोठ्यानं बोलत बसलो.

पावण्यांना एस.टी.पर्यंत पोहोचवून परत आलो, तेव्हा शेजारणीच्या मदतीनं अक्कानं आबांना फरशीवरून उचललं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. पाणी सगळीकडं सांडलेलं, गार. अक्का माझ्यावर ओरडली, तू कुठं होतास? मी तोंड उघडायच्या आत आबाच बोलले.

"त्याला मी हाक न्हाय मारली. माझाच पाय घसरला."

मी सांडलेलं पाणी पुसायला घेतलं. लग्न ठरलं, झालंही. आबा सात महिने खाटेवर होते आणि खाटेवरच गेले. काही हवं असलं की तांब्या वाजवायचे. मला त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. बायको अजून लोकांना सांगते, आमचे सासरे फार अबोल होते. मी ऐकून घेतो.

आणखी एक राहिलं. हाका दोन होत्या. पावणे पुढं गेले होते, मी उंबऱ्यावर चपला घालत होतो, तेव्हा दुसरी आली — नुसतं माझं नाव, "तान्या", एवढंच. ती मी ऐकली, आणि दार ओढून घेतलं.