एका वेळी एकच बाटली

बाटलीमामांच्या हातात एका वेळी एकच उघडी बाटली असे. जोयड्याच्या रानात पांढरे कापड पाचोळ्यावरून ओढायचे, त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने टिपून बाटलीत भरायच्या, हे त्यांचे हंगामी काम. बूच लावून, गावाची चिठ्ठी चिकटवून ती पिशवीत ठेवल्याशिवाय ते दुसरी उघडत नसत. घाई करणाऱ्याला म्हणत, "गोचीड काय पळून जातीय व्हय? चावली की तूच पळशील."

प्रयोगशाळेत आम्ही त्या गोचिडींतून माकडतापाचा विषाणू वेगळा काढत असू. त्याच्या जनुकांची अक्षरे फिल्मवर काळ्या पट्ट्यांच्या रूपात उमटत. ती डोळ्यांनी वाचून संगणकात भरणे माझ्याकडे होते. चाळिशीनंतर शिकलेले काम; अडले तरी कुणाला विचारायचा संकोच वाटे. अक्षरांतील फरकांवरून संगणक विषाणूंचा वंशवृक्ष मांडी. एकदा कुळगी गावचा एक नमुना बाजारकुणंग गावच्या फांदीवर जाऊन बसला, आणि तिथला एक कुळगीच्या फांदीवर. मी अहवालात लिहिले, "संकलकाकडून बाटल्यांची अदलाबदल झालेली दिसते."

मामांना पुढच्या हंगामाला बोलवायचे की नाही, हे त्या वाक्यावर ठरणार होते. खातरजमेसाठी मलाच त्यांच्याकडे पाठवण्यात आले. मी आढेवेढे घेत विषय काढला. ते रागावले नाहीत.

"न्हाई अक्का. बदलायला दोन उघड्या पायजेत. माझ्याकडं एकच असती." मग चहाचा पेला पुढे सरकवत त्यांनी विचारले, "तुमी एका टायमाला किती वाचता?"

उजेडाच्या पेटीवर मी दोन फिल्म शेजारीशेजारी ठेवत असे, वेळ वाचावा म्हणून. हे त्यांना सांगितले नाही. "बघते," एवढेच म्हटले.

परतल्यावर दोन्ही फिल्म पुन्हा वाचल्या. अदलाबदल माझी होती; एका गावाची अक्षरे मी दुसऱ्याच्या नावाखाली भरली होती. दुरुस्तीचे पत्र लिहिले. ते साहेबांच्या टेबलावर ठेवायला मला चार दिवस लागले. तोवर हंगामाची यादी निघाली होती. तिच्यात मामांचे नाव नव्हते, आणि निघालेली यादी कुणी बदलली नाही.

पुढे फिल्म वाचणारा प्रोग्रॅम मी लिहिला. हातातली फिल्म पुरी वाचून तिच्यावर गावाचे नाव नोंदल्याखेरीज तो दुसरी उघडत नसे. सहकारी कुरकुरत. ती अट मी काढली नाही.

उळवीच्या जत्रेत मामा एकदा समोर आले.

"काय अक्का, आता किती वाचताय?"

"एकच."

"मग बरं हाय."

चूक माझी होती, एवढे तरी सांगायचे मी मनाशी जुळवत होते. तोवर ते पुढे निघाले होते, दोन्ही हात रिकामे.